अकारण खिन्नतेची कैफियत

ज्या दुःखाला कारण असते, त्याला आपल्या समाजात एक प्रतिष्ठा आहे. घरात कोणी निवर्तले, परीक्षेत अपयश आले, जिवाभावाचा मित्र गाव सोडून गेला, तर त्या मुलाचे गप्प बसणे, जेवण टाकणे, प्रसंगी त्याचा संतापही आपण समजून घेतो आणि त्याला काही दिवसांची सवलत देतो. परंतु ज्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आपण का उदास आहोत हे स्वतःलाच उमगत नाही, सकाळी उठल्यापासून मनावर मळभ का आहे आणि आईने साधे 'डबा घेतलास का?' एवढे विचारताच अंगाचा तिळपापड का होतो याचा खुलासा ज्याच्यापाशी नाही, त्याच्या वाट्याला सवलतीऐवजी चौकशी येते. 'काय झालंय तुला?' या प्रश्नाला त्याने दिलेले 'काही नाही' हे उत्तर बहुधा शब्दशः खरे असते, आणि नेमके तेच उत्तर वडीलधाऱ्यांना लपवाछपवीचे किंवा उर्मटपणाचे वाटते. मग 'आम्ही तुला काय कमी केलं?' हा दुसरा प्रश्न येतो, आणि ज्याला आधीच आपल्या उदासीचा अर्थ लागत नाही त्याच्या मनात कृतघ्नतेच्या अपराधाची एक नवी भावना रुजते.

या अकारण भासणाऱ्या खिन्नतेविषयी आणि तिच्या सोबतीने येणाऱ्या चिडचिडीविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्राने, वैद्यकाने आणि समाजशास्त्राने पुष्कळ विचार केला आहे. तो विचार सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. त्यात परस्परविरोधी मते आहेत, मागे घेतलेले सिद्धांत आहेत, आणि आजही अनिर्णित राहिलेले मुद्दे आहेत. त्याचा आढावा घेताना माझी एक धारणा आरंभीच नमूद करणे योग्य होईल. दुःखाची दखल घेण्यापूर्वी त्याच्या कारणाचा दाखला मागण्याची आपली रीत मुलांना फार जाच करते, आणि ती सोडल्याखेरीज पुढील कोणताही उपाय नीट लागू पडत नाही, असे मला मनापासून वाटते.

आधुनिक चर्चेचा आरंभ सामान्यतः १९०४ सालापासून धरतात. त्या वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल यांनी पौगंडावस्थेवर दोन खंडांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हे वय म्हणजे स्वभावतःच वादळाचे व ताणाचे वय होय, असा सिद्धांत मांडला. १९२८ साली मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटांवरील मुलींचे वर्णन करून, तेथे हे वय फारशा खळबळीवाचून पार पडते, तस्मात् वादळ वयाचे नसून संस्कृतीचे असते, असे प्रतिपादन केले. त्यांच्या निरीक्षणांवर १९८३ साली डेरेक फ्रीमन यांनी कठोर आक्षेप घेतले आणि तो वाद दीर्घकाळ चालला. तथापि परिस्थिती बदलली तर या वयाचे दुःखही बदलते का, हा मीड यांचा प्रश्न त्या वादातूनही शाबूत राहिला. पुढे १९५८ साली अ‍ॅना फ्रॉइड यांनी तर या वयात मनाचा समतोल ढळलेला नसणे हेच अस्वाभाविक मानावे, इतक्या टोकाला जाऊन लिहिले. मनोविश्लेषकांपुढे बसलेल्या रुग्णांवरून सगळ्या मुलांविषयी अनुमान बांधण्याची ही पद्धत डॅनियल ऑफर यांनी मोडून काढली. शिकागो परिसरातील सर्वसामान्य शाळकरी मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला आणि १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, बहुसंख्य मुले हे वय कोणत्याही मोठ्या पडझडीशिवाय ओलांडतात, असा निष्कर्ष मांडला.

या साऱ्या परंपरेत मला सर्वांत मोलाची वाटते ती इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी, जिचा वृत्तांत १९७६ साली प्रसिद्ध झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांशी, त्यांच्या पालकांशी आणि शिक्षकांशी स्वतंत्रपणे बोलल्यावर त्यांना असे आढळले की आईबापांशी कायमचे वैर, घराशी तुटलेपणा वगैरे गोष्टी, ज्यांचा इतका बोलबाला होता, त्या मुळीच सार्वत्रिक नाहीत. परंतु आतल्या आत सोसलेली खिन्नता आणि स्वतःविषयीची हीनभावना मात्र पुष्कळच मुलांच्या ठायी होती, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या मोठ्या माणसांना तिचा बहुतांशी पत्ता नव्हता. म्हणजे हॉल यांचे वादळ बाहेर शोधू गेल्यास सापडत नाही आणि ऑफर यांची शांतता आत शोधू गेल्यास सापडत नाही. 'वयच आहे, जाईल आपोआप' असे म्हणणारा पालक आणि 'याचे काहीतरी भयंकर बिघडले आहे' असे म्हणणारा पालक, हे दोघेही या पाहणीपुढे अर्धेच बरोबर ठरतात.

मराठी वाचकाला हे निष्कर्ष परके वाटण्याचे कारण नाही. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन किंवा मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' या २००४ सालच्या कादंबरीतला नववीतला मुकुंद जोशी यांच्या मनात जे चालते, त्यातले किती थोडे घरातल्यांच्या कानी पडते, हे ज्यांनी ती पुस्तके वाचली त्यांच्या लक्षात आले असेलच. आपल्या लेखकांना ही गोष्ट ठाऊक होती. शाळांच्या आणि घरांच्या व्यवहारात मात्र ती उतरली नाही.

मनःस्थितीचे हे चढउतार प्रत्यक्ष मोजण्याचा एक कल्पक प्रयत्न मिहाय चिक्सेंतमिहाय आणि रीड लार्सन यांनी केला व १९८४ साली ग्रंथरूपाने मांडला. शिकागोजवळच्या पंचाहत्तर विद्यार्थ्यांजवळ त्यांनी पेजर दिले, दिवसातून अनेकदा अवचित वेळी ते वाजवले, आणि त्या क्षणी आपण कोठे आहोत, काय करीत आहोत व कसे वाटते आहे हे मुलांनी लिहून ठेवायचे असे ठरवले. मोठ्या माणसांच्या तुलनेत मुलांचे मन आनंदाच्या आणि विषादाच्या दोन्ही टोकांना अधिक वेळा जाते व तेथून अधिक लवकर परतते, असे त्या नोंदींतून दिसले. दुपारी जीव नकोसा झालेला मुलगा संध्याकाळी मित्रांत खळखळून हसतो, हे पाहून 'मघाचे सगळे नाटक होते' असा निवाडा देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी; दुपारचे दुःख खरे होते आणि संध्याकाळचे हसणेही खरेच आहे.

हे चढउतार का व्हावेत, याचे एक उत्तर मेंदूच्या घडणीत आहे. भावना उद्दीपित करणारी केंद्रे यौवनागमाच्या सुमारास जोमाने कार्य करू लागतात, आणि त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. परंतु हे उत्तर इतके व्यापक आहे की त्याचा एखाद्या विशिष्ट मुलाला फारसा उपयोग नाही, आणि 'मेंदूच अर्धवट आहे' असे म्हणून त्याचे म्हणणे उडवून लावण्यास ते सोयीचे पडते, म्हणून मी त्यावर अधिक रेंगाळत नाही. शरीराच्या ज्या गोष्टी आपल्याला तपासता आणि सुधारता येतात, त्यांचा विचार अधिक अगत्याचा आहे.

त्यांत निद्रेचा क्रमांक पहिला. यौवनागमाबरोबर शरीरातील कालचक्र पुढे सरकते. झोपेची सूचना देणारे मेलॅटोनिन हे द्रव्य रात्री उशिरा स्रवू लागते, आणि म्हणून नऊ वाजता डोळे मिटणारे मूल तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा वाजले तरी जागे असते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात मेरी कार्स्कडॉन यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे, आणि ही जाग केवळ मोबाइलमुळे किंवा हट्टामुळे येते असे नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले आहे. या वयात झोपेची गरज मात्र कमी होत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे. आता दहावीतल्या मुलाचा दिवस पाहावा. सकाळी सातची शाळा, त्यासाठी साडेपाचला उठणे, दुपारी घाईचे जेवण, मग शिकवणी, मग दुसऱ्या विषयाची शिकवणी, रात्री नऊला घरी, त्यानंतर गृहपाठ. या हिशेबात सहा तासांची झोपही मुश्किलीने बसते, आणि तुटपुंज्या झोपेचा पहिला परिणाम म्हणजे चिडचिड व दुसरा म्हणजे विनाकारण रडू येणे, हे तान्ह्या मुलाच्या बाबतीत सर्वांना ठाऊक असलेले सत्य पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आपण सोयीस्करपणे विसरतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील इडायना या गावी १९९६ साली माध्यमिक शाळेची वेळ सकाळी ७.२० वरून ८.३० वर नेण्यात आली, तेव्हा मुले अधिक झोपू लागली आणि त्यांच्या उदासीच्या तक्रारीही घटल्याचे नोंदले गेले. आपल्या राज्याने २०२४ च्या फेब्रुवारीत शाळांची वेळ सकाळी नऊ किंवा त्यानंतरची ठेवण्याचा आदेश काढला, ही गोष्ट स्वागतार्ह होती; पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांनाच लागू झाला. ज्या वयात देहच उशिरा झोपतो आणि उशिरा जागा होतो, ते वय त्या आदेशाच्या कक्षेबाहेर राहिले, याचा मला खेद होतो.

झोपेखालोखाल रक्ताचा विचार करावा लागतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुली आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१.१ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. जिने चढताना धाप लागणारी, वर्गात डोके बाकावर टेकणारी, संध्याकाळी कोणाशी बोलण्याचेही त्राण न उरलेली मुलगी 'आळशी झाली आहे' किंवा 'हल्ली तिचे कशात लक्ष नाही' असे घरात म्हटले जाते, तेव्हा हिमोग्लोबिनची एक साधी तपासणी किती गैरसमज वाचवू शकेल, याचा विचार व्हावा. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सहज आढळते; पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेवर दीर्घकाळ काम केले आहे. थायरॉइड ग्रंथीचे मांद्यही खिन्नतेचे रूप घेऊन येते. मासिक पाळीपूर्वीच्या आठवड्यात काही मुलींच्या मनाची जी असह्य घालमेल होते, ती दोन-तीन महिने दिनदर्शिकेवर तारखांसह टिपून ठेवली तर तिचा नियमितपणा ध्यानात येतो, आणि जी गोष्ट अकारण वाटत होती तिला निदान वेळापत्रक आहे एवढे तरी कळते. हे कळण्यानेही पुष्कळ मुलींना धीर आलेला आहे.

आता चिडचिडीकडे वळतो, कारण या विषयातला सर्वांत अधिक अन्याय मला येथे दिसतो. प्रौढ माणसाचे नैराश्य बहुधा दुःखाच्या ओळखीच्या वेषात येते. तो गप्प होतो, रडतो, निराशेचे बोलतो. कुमारवयात तेच नैराश्य पुष्कळदा रागाच्या रूपाने प्रकटते, आणि ही गोष्ट वैद्यकाने रीतसर मान्य केलेली आहे: अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीतसुद्धा, प्रौढांसाठी 'उदास मनःस्थिती' हे लक्षण सांगितल्यावर मुलांच्या व किशोरांच्या बाबतीत तिच्या जागी चिडखोर मनःस्थितीही ग्राह्य धरावी, असे स्पष्ट नमूद आहे. दारे आपटणे, धाकट्या भावावर खेकसणे, शिक्षकाला तोंडावर उलट उत्तर देणे यांच्या मुळाशी दुःख असू शकते, ही जाणीव आपल्या घरांत अद्याप फारशी पोचलेली नाही. त्यातही मुलग्यांची स्थिती अधिक बिकट आहे. रडणाऱ्या मुलीला निदान कोणीतरी जवळ घेते. 'बायकांसारखा रडतोस काय' असे लहानपणापासून ऐकलेल्या मुलाला दुःख व्यक्त करण्याचा परवाना फक्त संतापाच्या मार्गाने मिळालेला असतो, आणि तो संताप दिसला की त्याला शिक्षा होते, शिक्षेने दुःख वाढते, वाढलेल्या दुःखाने संताप वाढतो. शाळेच्या शेरापुस्तकात ज्यांच्या नावापुढे वर्तणुकीच्या तक्रारी ओळीने लिहिलेल्या असतात, त्यांच्यातले किती जण खरे तर खिन्न आहेत, हे त्या शेऱ्यांवरून कधीच कळत नाही. सगळीच चिडचिड नैराश्याची असते, असे अर्थातच मला सुचवायचे नाही. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या जिवाला घरातल्या हुकमांचा जाच होणे हे वाढीचेच अंग आहे, आणि तेवढ्यासाठी कोणाला दवाखान्यात नेण्याची गरज नाही. भेद ओळखण्याची खूण अशी की निरोगी कुरबुरीत मुलाला काहीतरी हवे असते, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याची मोकळीक किंवा स्वतःची खोली, आणि ते मिळाले की तो खुलतो. खिन्नतेच्या चिडचिडीत मागितलेली गोष्ट हाती आली तरी चेहरा उजळत नाही.

मनाच्या अंतर्गत व्यवहाराविषयी अलीकडच्या संशोधनाने दिलेली एक महत्त्वाची देणगी म्हणजे चर्वणाचा सिद्धांत. सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ पासून असे दाखवून दिले की दुःखाचा कालावधी पुष्कळ अंशी आपण त्या दुःखाशी कसे वागतो यावर अवलंबून असतो. 'मलाच असे का होते, माझ्यातच काय कमी आहे' हेच प्रश्न घोळवीत बसणाऱ्याची उदासी लांबते आणि गडद होते. त्याला विचार केल्याचे समाधान वाटते, पण तो विचार कोणत्याही निर्णयाप्रत जात नाही. अमांडा रोझ यांनी २००२ साली याच्याही पुढची एक सूक्ष्म गोष्ट निदर्शनास आणली. दोन जिवलग मैत्रिणी एकमेकींपाशी त्याच त्या दुःखाची तासन् तास उजळणी करतात, तेव्हा त्यांची मैत्री दृढ होते आणि त्याच वेळी त्यांची खिन्नताही वाढते. मन मोकळे करावे हा उपदेश आपण सर्रास करतो. मोकळे करून झाल्यावर उठून दोघींनी मिळून काहीतरी करावे, ही त्याची दुसरी बाजू सांगायची राहून जाते. तेरा-चौदाव्या वर्षानंतर मुलींमधील नैराश्याचे प्रमाण मुलग्यांच्या सुमारे दुप्पट होते, याच्या अनेक कारणांत या सवयीचाही वाटा असावा, असे या अभ्यासकांचे मत आहे.

परंतु अकारण म्हटलेल्या दुःखाचा एक मोठा हिस्सा वस्तुतः अकारण नसतो. त्याचे कारण उच्चारण्याजोगे नसते. वर्गात जातीवरून ऐकलेला टोमणा, रंगावरून किंवा वजनावरून पडलेले नाव, नातेवाइकाने केलेला नकोसा स्पर्श, आईवडिलांच्या बंद दाराआडच्या भांडणांत स्वतःचे नाव ऐकू येणे, आपल्याला आकर्षण वाटते ते सर्वांना वाटते तसे नाही याची एकट्याने झालेली जाणीव, खेड्यातून लातूरला किंवा पुण्याला शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या मुलाला वडिलांनी त्यासाठी काढलेल्या कर्जाचे ओझे: यांपैकी काहीही 'काही नाही' या दोन शब्दांत सामावलेले असू शकते. काही मुलांना ते ठाऊक असते आणि बोलवत नाही. काहींना तेही ठाऊक नसते, केवळ शाळेच्या फाटकाशी आल्यावर पोटात गोळा येतो एवढेच समजते. म्हणूनच चौकशीच्या स्वरात कारण विचारणे निष्फळ ठरते. कारण आपल्या पायांनी बाहेर येते, पण त्यासाठी ते न विचारता पुष्कळ काळ जवळ बसणारे माणूस लागते. समाजमाध्यमांचा या सगळ्यात किती वाटा, याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद आहेत; रात्रीची झोप आणि दिवसाची सोबत जेथे मोबाइलने हिरावली तेथे त्याने नुकसान केले, एवढे मी निःशंकपणे म्हणेन, आणि उरलेला वाद तज्ज्ञांवर सोपवीन.

मग ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्या मुलाने किंवा मुलीने स्वतः काय करावे? मन उत्साही झाल्यावर कामाला लागू, हा क्रम खिन्नतेत उलटा करावा लागतो; आधी कृती, मग उत्साह, हे तत्त्व वर्तनोपचाराने अनेक दशके पडताळून पाहिले आहे. ती कृती अगदी लहान असावी. दररोज ठरावीक वेळी अर्धा तास भरभर चालणे, सायकलने नदीपर्यंत जाऊन येणे, आजीबरोबर भाजी निवडणे, तबल्याचा सोडून दिलेला रियाज दहा मिनिटे करणे, यांतले जे पूर्वी आवडत असे ते, आज आवडत नसले तरी, घड्याळ पाहून करावे. वहीत दिवसाच्या शेवटी चार ओळी लिहाव्यात: किती तास झोपलो, काय खाल्ले, कोणाला भेटलो, कोणत्या वेळी मन सर्वांत जड होते आणि कोणत्या वेळी किंचित हलके. ही नोंद भावनांच्या विश्लेषणासाठी नाही. तीन आठवड्यांनी ती चाळली असता अकारण वाटणाऱ्या गोष्टींत एखादा क्रम दिसू लागतो, रविवार संध्याकाळ किंवा गणिताच्या तासाचा दिवस पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, आणि धुक्यासारख्या दुःखाला एक कडा मिळते. जी अडचण अशी हाती लागेल तिच्यावर एकेक करून तोड शोधावी. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने दिल्लीतील सरकारी शाळांत मुलांना हीच पद्धत शिकवली: अडचण एका वाक्यात मांडणे, तिच्यावरचे सगळे पर्याय, वेडेवाकडे वाटणारेही, लिहून काढणे, आणि त्यांतला एक निवडून करून पाहणे. ज्या मुलांना समुपदेशकाने सोबत बसून हे शिकवले त्यांना आपल्या अडचणी, केवळ पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा, अधिक हलक्या वाटू लागल्या. लक्षणांच्या मापनात मात्र दोन्ही गटांत लगेच फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. या क्षेत्रात झटपट गुणाची आशा कोणी दाखवू नये.

पालकांना माझे सांगणे थोडे आहे. समोरासमोर बसवून जाबजबाब घेण्याऐवजी स्कूटरवर, स्वयंपाकघरात, कपडे घडी करताना, म्हणजे डोळ्याला डोळा न भिडता बोलता येईल अशा ठिकाणी बोलावे. 'का' या शब्दाने प्रश्न सुरू करू नये. 'हल्ली तुला बरं वाटत नाहीये असं मला दिसतंय. कारण सांगायलाच हवं असं नाही' एवढे वाक्य उच्चारून गप्प राहण्याची ताकद आपल्यात आणावी. 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' हे वाक्य तोंडी येऊ देऊ नये. वाइट बेटावरील पाहणीने जे दाखवले ते आपल्या वेळीही होते, फक्त आपण कोणाला सांगितले नव्हते. मूल खेकसले तर त्या क्षणी शिस्तीचा मुद्दा काढू नये, पण तासाभराने शांतपणे 'ते मला लागलं' असे जरूर सांगावे. दुःखी मुलालाही आपल्या वागण्याची जबाबदारी असते, आणि ती काढून घेणे म्हणजे त्याला नादुरुस्त वस्तू मानणे होय.

स्वाभाविक खिन्नता कोठे संपते आणि आजार कोठे सुरू होतो, याची रेषा वैद्यकाने काळ, व्याप्ती आणि परिणाम या तीन निकषांवर आखलेली आहे. दिवसाचा बहुतेक वेळ आणि बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे किंवा अधिक मुदत, उदासी किंवा चिडचिड टिकली, आवडत्या गोष्टींतला रस गेला, झोप, भूक, वजन, एकाग्रता यांत बदल झाला, आणि शाळा, मैत्री, घर यांतला व्यवहार त्यामुळे कोलमडू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात विलंब करू नये. मरणाचे बोलणे, आपण ओझे आहोत अशी भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, स्वतःला इजा करणे यांपैकी काही दिसले तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये; त्याच दिवशी मदत घ्यावी आणि मुलाला एकटे ठेवू नये. 'जीव नकोसा झालाय का, मरावंसं वाटतं का?' असे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिणे भाग आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून चालवलेल्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे, तेथे मराठीतही बोलता येते, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असावेत.

उपचारांविषयीची भीती अज्ञानातून आलेली आहे. बारा ते सतरा वर्षांच्या ४३९ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, फ्लुओक्सेटिन हे औषध आणि विचारांना वळण देणारी संभाषणचिकित्सा या दोहोंचा एकत्र अवलंब केलेल्यांपैकी ७१ टक्के मुले बारा आठवड्यांत लक्षणीय सुधारली. नुसत्या औषधाने ६१ टक्के, नुसत्या संभाषणाने ४३ टक्के आणि औषधाच्या नावाखाली निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के सुधारली. त्याच वर्षी अमेरिकन औषध प्रशासनाने, अशा औषधांच्या आरंभीच्या काळात काही मुलांच्या मनात आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा देण्याचा हुकूम काढला. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात: औषध गुणकारी आहे, आणि पहिले काही आठवडे डॉक्टरांची व घरच्यांची नजर त्या मुलावर असलीच पाहिजे.

उरतो तो संस्थात्मक व्यवस्थेचा प्रश्न, आणि तेथे आपली कमतरता मोठी आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वर्षांच्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्या पाहणीसाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात उभ्या केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारखी केंद्रे थोर काम करीत आहेत, शासनाच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची 'मैत्री' केंद्रे रुग्णालयांत आहेत, पण मूल आपण होऊन तेथवर क्वचितच जाते. ते रोज जाते शाळेत. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत 'सेहर' या नावाने एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत एका शिक्षकालाच मुलांच्या मनःस्वास्थ्याचे काम सोपवले होते, तर काही शाळांत त्यासाठी एक स्वतंत्र, प्रशिक्षण दिलेली, पण मानसशास्त्राची व्यावसायिक पात्रता नसलेली व्यक्ती नेमली होती. पहिल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई घटली आणि नववीतल्या मुलांची नैराश्याची लक्षणेही उतरली. ज्याच्या हाती गुण आणि हजेरी आहे त्याच्यापाशी मूल मोकळे होत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. आणि तज्ज्ञांची वाण आहे ही सबब एवढ्यासाठी पुरेशी नाही, असाही. असे एक पद महाराष्ट्रातील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आस्थापनेत मंजूर व्हावे, त्याला स्वतंत्र वेतन असावे, त्या व्यक्तीला परीक्षेच्या, निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला जुंपू नये, आणि तिच्या खोलीत येणाऱ्या मुलाने येण्याचे कारण कोणत्याही नोंदवहीत लिहावे, अशी अट नसावी.